मागच्या ट्रॉलीमागे चार दिवस

पहिला दिवस

माझ्या ट्रेलरच्या इंजिनाचं हेड उघडून मिस्त्रीने आठ दिवस सांगितले, म्हणजे बारा. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर पत्ते कुटत बसायची तयारी झालीच होती, तेवढ्यात सायखेड्याहून अक्काचा फोन आला. दाजींच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून ट्रॅक्टर भाचा चालवतो. यंदा त्याने ऊस वाहतुकीचा करार केलाय. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. "रात्री-बेरात्री जातो. विचारलं तर म्हणतो, आई तुला काय कळतं. तू बावीस वर्षं गाडीवर आहेस, तुझं तरी ऐकेल."

माझं घरात कोणी ऐकत नाही, हे अक्काला माहीत नाही. तरी गेलो.

निमाणीवरून निफाडकडची बस धरली. सिंहस्थाची कामं चालू आहेत, कुठे खडीचा ढीग, कुठे बॅरिकेड. नांदूर नाका ओलांडायलाच अर्धा तास गेला. पुढे ओढा, लाखलगाव. दोन्ही अंगाला द्राक्षबागा, निर्यातीच्या घडांना कागद बांधलेले. मी कंटेनर घेऊन अंबडहून न्हावाशेव्याला जातो, हीच द्राक्षं कित्येकदा माझ्या मागे असतात. पण बागेच्या उंचीवरून द्राक्षं बघायची सवय मोडलीय. केबिनमधून फक्त रस्ता दिसतो.

चांदोरी चौफुलीवर भाचा मोटरसायकल घेऊन उभा होता. गोदावरीचा पूल ओलांडून सायखेडा. इथली माणसं नदीला गंगाच म्हणतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की या दोन गावांची नावं टीव्हीवर झळकतात. जानेवारीत मात्र नदी दगडांमधून अंग चोरून चाललेली.

ऊसतोड अक्काच्या वस्तीपासून दोन शेतं सोडून चालली होती. टोळी चाळीसगावकडची. कोयत्यांचा आवाज लयीत येत होता. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होत्या, वर उभा असलेला गडी मोळी ओढून लावून घेत होता. आणि या सगळ्याच्या पुढे भाच्याचा ट्रॅक्टर, बोनेटवर झेंडूची माळ, मडगार्डांवर स्पीकरचे दोन खोके. एवढे मोठे स्पीकर माझ्या गावच्या मंदिरात नाहीत.

मी नमस्कार-चमत्कार आटोपून आधी मागे गेलो. ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीकडे गेला की पहिल्यांदा टायर बघतो, बायका पातळाचा काठ बघतात तसं. मागच्या ट्रॉलीचे चारही टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, त्यातल्या एकाला बाजूने फुगा आलेला. टेल लाइट नाही. त्याच्या जागी जुनी सीडी सुतळीने लटकवलेली, उजेड पडला की चमकते म्हणे. पहिल्या ट्रॉलीचा हुक आणि दुसऱ्या ट्रॉलीची दांडी जोडणाऱ्या पिनेला खाली कॉटर, म्हणजे पिन निसटू नये म्हणून घालायची आडवी खीळ, नव्हती. तार पिळलेली होती.

"ही तार काय आहे?"

"मामा, तीन महिने झाले, काही होत नाही तिला."

तीन महिने. कारखाना नोव्हेंबरात सुरू झाला, म्हणजे पहिल्या खेपेपासून तारच.

आता थोडं यंत्राचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या ट्रेलरला वळायला एक सांधा आहे. ट्रेलरच्या पोटाखालची दोन इंच जाडीची किंगपिन हॉर्सच्या, म्हणजे पुढच्या इंजिन-केबिनच्या भागाच्या, फिफ्थ व्हीलमध्ये, म्हणजे पाठीवरच्या लोखंडी तव्यात, बसते, तिथे गाडी मोडते आणि वळते. बाकी सगळं सरळ. चारचाकी ट्रॉलीचं तसं नाही. तिची दांडी ट्रॅक्टरच्या हुकात फिरते हा एक सांधा, आणि दांडी ज्या पुढच्या एक्सलला जोडलेली असते तो एक्सल चकतीवर फिरतो, तो दुसरा. एका ट्रॉलीला दोन सांधे, दोन ट्रॉल्यांना चार. लहानपणी शाळेच्या मैदानावर हातात हात घालून साखळी करून पळायचो. पुढचा पोरगा जरासा वळायचा आणि शेवटचा धडपडत कुंपणावर जाऊन आदळायचा. पुढच्याला काही कळायचंसुद्धा नाही. जितके सांधे जास्त, तितका शेवटच्याला झटका मोठा.

संध्याकाळी भाच्याशी पहिलं भांडण झालं ते भरण्यावरून. मागची ट्रॉली तोडीच्या फडाजवळ उभी, म्हणून ती आधी शिगोशीग भरलेली. पुढचीत जेमतेम कठड्याएवढा ऊस. तोवर अंधार पडायला आला होता आणि टोळी आवरायच्या घाईत. या भागात उसात बिबट्या असतो ही नुसती बोलायची गोष्ट नाही, निफाड तालुक्यात तोडणी चालू असताना बछडे सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अंधारात फडात कोणाला थांबायचं नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

पण मी हटून बसलो. जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. मागची जड झाली की तीच गाडी चालवायला लागते. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन अडीच-तीन टन, आणि मागे नुसता ऊसच वीस-बावीस टन. हत्तीच्या गळ्यात दोरी बांधून बकरी पुढे चाललीय असं समजा. हत्ती शहाणा असेपर्यंत ठीक. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं, मग हसून दोन गड्यांना वर पाठवलं. मागच्या ट्रॉलीचे वरचे दोन थर उतरवून पुढे गेले. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासापायी भाच्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

दुसरा दिवस

पहाटे चारला निघालो. थंडी म्हणजे निफाडची थंडी. महाराष्ट्रात नीचांकी तापमान कुठे, तर पेपरात बहुतेकदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचंच नाव असतं, तिथून आम्ही काही फार लांब नव्हतो. बागाईतदारांनी द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून बांधाबांधावर शेकोट्या पेटवलेल्या. नदीवर धुकं.

भाचा म्हणाला, मामा मडगार्डवर बसा. सगळेच बसतात. मी नाही म्हणालो. ट्रॅक्टरला सीट एकच असते, कारण तो एकाच माणसासाठी केलेला असतो. मडगार्डवरून घसरलेला माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातो, आणि त्याच्यामागे अजून आठ चाकं असतात. मी त्याची मोटरसायकल घेतली आणि मागून निघालो. तेव्हा मला वाटलं होतं की मी फक्त जीव वाचवतोय. नंतर कळलं की ट्रॉली बघायची तीच खरी जागा. बावीस वर्षांत माझ्या ट्रेलरच्या मागे मी एकदाही गेलेलो नाही. त्याची शेपूट रस्त्यावर काय करते, हे मी आरशात बघितलंय, मागून नाही.

वस्तीपासून डांबरीपर्यंत काही झालं नाही. डांबरीवर आल्यावर भाच्याने चौथा गिअर टाकला असावा. रस्त्यात खड्डा आला, ट्रॅक्टर वीतभर उजवीकडे जाऊन परत सरळ झाला. पहिली ट्रॉली हातभर हलली. आणि मागची, हलकी केलेली, तिचं ढुंगण दोन हात उजवीकडे गेलं, दोन हात डावीकडे आलं, मग पुन्हा एकदा थोडं. ट्रॅक्टर तोवर पुढे निघूनही गेला होता. पुढे बसलेल्या पोराला काय कळणार? त्याचा आरसा आतल्या बाजूला मुडपलेला, कारण बाहेर ठेवला की उसाची पाती घासतात. आणि उघडा असता तरी ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाशिवाय त्याला काही दिसलं नसतं.

मग पुलाचा उतार आला.

इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला, आणि माझ्या पोटात गोळा आला. न्यूट्रल. हा रोग ट्रकवाल्यांतही आहे, कसाऱ्याच्या उतारावर मी तो पाहिलाय आणि त्याचे जळके ब्रेकही हुंगलेत. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर. माझ्या ट्रेलरच्या प्रत्येक चाकाला एअर ब्रेक आहे. या ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. आठ चाकं नुसती फिरायला ठेवलेली. ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन सोडलं तरी तेवीस-चोवीस टनांचा सगळा ठेका ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांकडे.

आणि धुक्यातून दूधवाला निघाला. सायकलला दोन कॅन, अंगावर घोंगडी. त्याची चूक नव्हती, तो आपल्या कडेने चालला होता.

भाच्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टरचं तोंड झटक्यात उजवीकडे फिरलं. पहिली ट्रॉली तिरकी होऊन त्याच्या पाठीला रेटायला लागली, आणि मागची डाव्या कडेला सरकली, डावी चाकं साइडपट्टीवरून खाली, वरचा ऊस बाहेर कललेला. मी मोटरसायकल कशी थांबवली आठवत नाही. दोन-तीन मोळ्या धप्पकन पडल्या. लोखंडाचा एक लांब कर्र आवाज आला आणि सगळं थांबलं. दूधवाला वळून बघत पुढे निघून गेला. त्याला कदाचित अजूनही माहीत नसेल.

पहिलं काम मी केलं ते मागे पळण्याचं. पडलेल्या मोळीतला ऊस आणि वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, एक भारा उचलून पन्नास-साठ पावलं मागे रस्त्यावर टाकला, मोटरसायकल तिथे आडवी लावून दिवा चालू ठेवला. धुक्यात उभ्या ट्रॉलीवर मागून कोणी आदळला तर झालेलं कमी आणि होणारं जास्त. मग पुढे गेलो. भाचा स्टिअरिंग धरून बसलेला, दोन्ही हात थरथरत होते. स्पीकर वाजतच होता. मी आधी तो बंद केला.

"पेडल बघ," म्हणालो.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, हे शेतकऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. डावं पेडल डाव्या मागच्या चाकाला, उजवं उजव्याला. शेतात बांधाशी वळताना एकच दाबलं की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो, म्हणून तशी सोय. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडलांना जोडणारी कडी लावायची, म्हणजे दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लागतो. आदल्या संध्याकाळी फडात ट्रॅक्टर वळवायला त्याने कडी काढली होती. पहाटे लावायची राहिली. पाय एकट्या उजव्या पेडलावर पडला.

तो काही बोलला नाही. खाली वाकून कडी लावली. दोनदा हलवून बघितली.

मागची ट्रॉली साइडपट्टीवरून वर घ्यायला आणि मोळ्या परत चढवायला सकाळचे सात वाजले. तार पिळलेली पिन वाकली होती, पण निघाली नव्हती. तीन महिन्यांची तार. तिच्याबद्दल मी जे काय बोललो होतो ते सगळं तिने ऐकून घेतलं आणि गपचूप काम केलं, हेही खरं.

पुढचा रस्ता थोडक्यात. चांदोरी, सुकेण्याकडून वर, हायवेच्या पुलाखालून पलीकडे. भाचा पंधरा-वीसच्या वर गेला नाही. वीसवरून पंचवीसला गेलं तर पाचनेच वाढलं असं वाटतं, पण गाडीच्या अंगातला जोर दीडपटीहून जास्त वाढतो, कारण वेग जेवढ्या पटीने वाढतो त्याच्या वर्गाने जोर वाढतो. हे मला आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये एका सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. तेव्हा झोप येत होती.

कारखान्याच्या तळावर नंबर लागला तेव्हा पुढे दोनशेच्या वर गाड्या. बैलगाड्या, ट्रक, सिंगल ट्रॉल्या, डबल ट्रॉल्या. चहाच्या टपऱ्या, वडापाव, पंक्चरवाला, वाढे विकत घेणारे. मळीचा गोड-आंबट वास. वजनकाट्यापर्यंत पोचायला रात्र होणार हे नक्की होतं.

शेजारच्या गाडीवर नांदगावकडचे एक बाबा होते, साठीच्या आसपासचे. त्यांनी आमच्या मागच्या ट्रॉलीच्या चाकांचा चिखल बघितला आणि काही न विचारता सगळं ओळखलं. त्यांची स्वतःची गाडी मात्र बघण्यासारखी. आरसा लोखंडी पट्टीला वेल्ड करून हातभर बाहेर काढलेला. मागच्या ट्रॉलीला दोन लाल दिवे, केबल दांडीवरून पुढे नेलेली. मागे लाल रेडियमची पट्टी, बाजूला पिवळी. पिनेला कॉटर, आणि शिवाय दांडीखालून एक जाड साखळी, पिन निसटली तरी ट्रॉली मोकळी सुटू नये म्हणून.

"पुढची ट्रॉली पाठीलाच चिकटलेली," ते भाच्याला म्हणाले, "ती कुठं पळून जाते? मी मागचीच बघत असतो. खड्डा आला तर चुकवायचा नाय. हळू करून सरळ घालायचा. टायर फुटला तर फुटला."

माझं अख्खं भाषण त्यांनी पाच वाक्यांत उरकलं. भाचा त्यांचं मान हलवून ऐकत होता. मी सांगितलं असतं तर मोबाइल काढला असता.

दुपारी बाबा झोपायला निघाले. बरेच ड्रायव्हर सावलीला ट्रॉलीखालीच अंग टाकतात. बाबांनी आधी चारही बाजूंनी चाकांना दगड लावले, ट्रॅक्टरची चावी बंडीच्या खिशात टाकली, आणि मग ट्रॉलीखाली न जाता बाभळीखाली पोतं अंथरलं. रांग पुढे सरकली की कोणीतरी उत्साहाने दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालू करून पुढे घेतो, खाली कोण झोपलंय ते न बघता. हे त्यांनी सांगितलं तेव्हा आवाज बदलला होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही. उठल्यावर त्यांनी लावलेले दगड मोजून उचलले आणि कडेला टाकले. हायवेवर दगड तसाच टाकून जाणारा ट्रकवाला मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव घेतो, हे मला सांगायची गरज नव्हती. मी अशा दगडांवरून गेलोय.

आमचा काटा रात्री साडेदहाला झाला. ऊस एकवीस टन.

तिसरा दिवस

परतीला मी चालवतो म्हणालो. जड वाहनाचं लायसन्स आहे, बावीस वर्षांचा अनुभव आहे, रिकाम्या ट्रॉल्या आहेत. भाचा मोटरसायकलवर मागे. खरं तर हा दिवस मी लिहिणार नव्हतो.

तळावरून बाहेर पडताना समोर एक ट्रक आडवा आला. चार हात मागे घ्यायचं होतं, एवढंच. मी चाळीस फुटी ट्रेलर अंबडच्या गल्लीत उलटा घालतो, गोडाऊनवाले बघायला उभे राहतात. स्टिअरिंग डावीकडे म्हणजे ट्रेलर उजवीकडे, हे हातात बसलेलं. पण इथे हुक एकीकडे, पहिली चकती दुसरीकडे, मागचा हुक तिसरीकडे आणि शेवटची चकती कुठे जाईल ते तिच्या मनावर. दोन हात मागे गेलो आणि दोन्ही ट्रॉल्या मिटत्या सुरीसारख्या एकमेकींवर दुमडल्या. तिघे-चौघे पोरं हसायला लागली. नांदगावचे बाबा लांबून बघत होते, ते हसले नाहीत, हे जास्त लागलं.

भाच्याने येऊन मागची ट्रॉली सोडली, पुढची एकटी मागे घेतली, ट्रक गेल्यावर पुन्हा जोडली. पाच मिनिटांचं काम. "मामा, डबल ट्रॉली मागे घ्यायची नसते," म्हणाला. "जिथून पुढं निघता येणार नाही तिथं घालायचीच नसते." बोलला ते खरंच होतं. काल सकाळी मी जे बोललो त्याचा हिशोब इथे चुकता झाला.

एक गोष्ट मात्र चालवताना उलटी निघाली. मला वाटत होतं, एवढं लांब धूड वळणावर खूप आत कापणार. माझ्या ट्रेलरचं मागचं चाक वळणावर इतकं आत येतं की कोपऱ्यावरचा पानटपरीवाला टपरी सोडून पळतो. ही ट्रॉली तितकी आत येत नव्हती. कारण तेच चार सांधे. लांब काठी कोपऱ्यातून वळत नाही, साखळी वळते. जगभर एका लांब ट्रेलरऐवजी दोन आखूड ट्रेलर जोडतात, त्यामागे हेही एक कारण आहे. वळणावर सोय, आणि त्याची किंमत सरळ रस्त्यावर मोजायची. सांधे वाढले की कोपरा सोपा होतो आणि शेपूट वेडी होते.

ऑस्ट्रेलियात ट्रक तीन-तीन ट्रेलर ओढतात, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. तिथे दोन ट्रेलर जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. एक आपल्या ट्रॉलीसारखी, दांडी आणि हुक. दुसरीत पहिल्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला फिफ्थ व्हील असतं आणि दुसऱ्या ट्रेलरची किंगपिन थेट त्यात बसते, मध्ये दांडीच नाही. एक सांधा कमी झाला, की शेपूट शांत. आपल्याकडेही नियमांत आता रोड ट्रेन आलीय, २५.२५ मीटरपर्यंत. ती कधी माझ्या हातात आली तर मी आधी खाली वाकून सांधे मोजणार.

रिकाम्या ट्रॉल्या हा वेगळा त्रास. भरलेली ट्रॉली ढकलते, रिकामी उड्या मारते. सुकेण्यापुढच्या खराब पट्ट्यात मागची ट्रॉली इतकी आदळत होती की पंधराच्या वर जायची हिंमत झाली नाही. मागे मोटरसायकलवर भाचा. आता तो बघत होता, मी काल जे बघितलं ते.

चांदोरी चौफुलीवर मी थांबलो आणि तिथे बराच वेळ थांबूनच राहिलो. नाशिक-संभाजीनगर रस्ता ओलांडायचा होता. मनात हिशोब केला. माझी गाडी साधारण अठरा मीटर, रस्ता पंधरा धरा. उभ्यावरून निघालेला ट्रॅक्टर सेकंदाला दोन मीटर सरकतो, भरलेला असला तर तेवढाही नाही. म्हणजे शेवटचं चाक पलीकडे जायला सोळा-सतरा सेकंद. ऐंशीने येणारी कार तेवढ्यात साडेतीनशे मीटरहून जास्त येते. पहाटेच्या धुक्यात साडेतीनशे मीटरवरची कार कोणाला दिसणार? आणि कारवाल्याला ट्रॅक्टरचे दिवे रस्त्यापलीकडे गेलेले दिसतात, त्याला वाटतं रस्ता मोकळा झाला. मध्ये अजून दोन ट्रॉल्या आडव्या आहेत, काळ्याकुट्ट, एका सीडीच्या भरवशावर.

भाचा मागून आला, मोटरसायकल रस्त्याच्या मधोमध लावून दोन्ही हात वर केले, आणि गाड्या थांबल्या. मी पलीकडे गेलो. रोज रात्री तो एकटा हे कसं करतो, हे मी विचारलं. "अंदाजाने," म्हणाला.

रात्री अक्काने बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी केली होती. दाजी पलंगावरून म्हणाले, "काय, शिकवलं का त्याला?" भाचा ताटावरून मान न उचलता म्हणाला, "मामांनी उलटी घ्यायची शिकवली."

चौथा दिवस

सकाळी वेल्डिंगवाल्याकडे. दोन पिना नव्या, कॉटरसह. साखळी दोन हात. आरशाला पट्टी. दोन लाल दिवे, केबल, रेडियमची पट्टी, मागच्या ट्रॉलीला लाल त्रिकोण. फुगा आलेला टायर काढला. सगळं मिळून जो आकडा झाला तो भाच्याने दोनदा बेरीज करून बघितला. एका खेपेचे पैसे जातील म्हणाला. टनावर पैसे मिळतात, खेपेवर हिशोब चालतो, उचल घेतलेली टोळी बसून राहिली तर तिचं पोट कुठून भरायचं. त्याचं गणित मला कळत होतं. मीही फेरीवर पैसे घेतो. पुलावरची जागा मात्र मी त्याला दाखवली नाही, कारण ती त्याला माझ्याआधी आठवली होती.

न्यूट्रलवर मात्र बोललो. जुने ड्रायव्हर सांगायचे, जो चढ ज्या गिअरमध्ये चढतोस तो त्याच गिअरमध्ये उतर. पुलाच्या उताराला किती डिझेल वाचतं? कपबशी भरेल इतकं.

दुपारनंतर भरणी. मुकादमाने न सांगता आधी पुढची ट्रॉली फडाशी लावून घेतली. मी लांबून बघितलं आणि काही बोललो नाही.

संध्याकाळी निघताना भाच्याने दोन्ही ट्रॉल्यांभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून पिना हातांनी ओढून बघितल्या, मग पेडलांची कडी, मग आरसा. स्पीकर चालू केला, माझ्याकडे बघितलं, आवाज थोडा कमी केला. पूर्ण बंद नाही. तेवढं पुरे.

मी चौफुलीपर्यंत मागून गेलो. पुलाच्या उतारावर इंजिन गुरगुरत राहिलं. मागच्या ट्रॉलीवरचे दोन लाल दिवे धुक्यात एका ओळीत, जवळजवळ न हलता खाली उतरले. चौफुलीवर मोटरसायकल त्याच्या मित्राकडे दिली आणि बस धरली.

त्यानंतर

ट्रेलर बाराव्या दिवशी मिळाला. मिस्त्रीने चावी दिली, मालकाने अंबडच्या कंपनीचा पत्ता पाठवला, रात्री न्हावाशेव्याला निघायचं होतं. निघण्याआधी का कोण जाणे, टॉर्च घेऊन हॉर्सच्या मागे गेलो आणि फिफ्थ व्हीलखाली वाकलो. कुठल्या महिन्यात शेवटचं वाकलो होतो आठवेना. ग्रीस वाळून काळं दगड झालेलं. लॉकच्या हँडलला जी क्लिप असायला हवी ती नव्हती.

तिथे तार होती, नीट पिळलेली. पडघ्याच्या ढाब्यावर, पावसाळ्यात, घाईत बांधलेली. पीळ माझ्याच हाताचा होता.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, काट्याच्या रांगेत आहे, बोला."

"काही नाही," म्हणालो. "तो वेल्डिंगवाला क्लिपा ठेवतो का विचार."